बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?

“माले बीपी नई शे, मंग हाई गोई कसाले खाऊ?” अमळनेर तालुक्यातल्या एका आबांचा हा प्रश्न. रक्ताच्या उलटीनंतर घरी परतलेल्या कितीतरी कुटुंबांकडून मी तो ऐकत आले आहे. मेडिकलवाल्याने ‘ही तर बीपीची’ म्हटल्यावर आबांनी गोळी बंदच केली होती. शिवाय ती घेतली की चक्कर यायची, शेतात पाय ओढत चालावं लागायचं.

आबा दारूला कधी शिवले नव्हते. मधुमेह जुना, आणि चरबीमुळे यकृत हळूहळू कडक झालेलं. पण रक्ताची उलटी म्हटल्यावर गावाने निकाल देऊन टाकला. ते सांगताना काकू रडल्या. म्हणून गोळीच्या आधी मी हेच बोलले: सिरॉसिस, म्हणजे यकृत असं कडक होणं, दारूशिवायही होतो, चरबीने होतो, हिपॅटायटिस बी आणि सीने होतो. मुलगा आणि सून समोर असताना मुद्दाम पुन्हा सांगितलं. ज्याला घरातच गुन्हेगार ठरवलं, तो औषध मनापासून घेत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग गोळी. आतड्यांकडून येणारं रक्त यकृतातून पुढे जातं. यकृत कडक झालं की मोठी चारी तुंबल्यासारखं होतं आणि पाणी बाजूच्या बारीक पाटांत घुसतं. अन्ननलिकेतल्या शिरा अशाच फुगतात, आणि दाब फार वाढला की फुटतात. आबा भरती असताना टर्लिप्रेसिनचं इंजेक्शन दिलं होतं. कुठे ऑक्ट्रिओटाइड देतात. त्याने या भागाकडे येणारं रक्त कमी होतं. जोडीला अँटिबायोटिक, आणि दुर्बिणीतून शिरांना रबरी बँड. पण शिरा बांधल्या तरी मागचा दाब राहतोच. तो उतरवायला ही ‘बीपीची’ गोळी: प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा, हा पोटातला वेगळा. एकदा रक्त गेलेल्या माणसाला पुढे काहीच उपचार मिळाले नाहीत, तर वर्ष-दोन वर्षांत सुमारे ६० टक्के जणांना पुन्हा रक्तस्राव होतो. आणि गोळी एकदम थांबवली तर दाब पुन्हा उसळू शकतो.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण चक्कर तं खरी ना?”

खरीच. म्हणून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलचा डोस कमी करून हळूहळू वाढवायचं ठरवलं: नाडी मिनिटाला ५५ ते ६० च्या आसपास यावी, पण वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ नये. काकूंना मी मनगटावर नाडी मोजायला शिकवलं. मधुमेह्यांच्या घरात आणखी एक गोष्ट सांगते: या गोळीने साखर उतरल्याची धडधड जाणवेनाशी होते, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पोटात पाणी वाढलं, लघवी कमी झाली तरी लगेच दाखवा, डोस बदलावा लागतो. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका.

काकूंनी शेवटी विचारलं, रात्री काही झालं तर? उलटीत रक्त दिसलं, शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा आबा गुंगीत गेले, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं.