लाईक आले, पण गिऱ्हाईक का नाही आलं?

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभरापासून ती दोन छोट्या व्यवसायांचं इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सांभाळते. त्यातल्या सायकल दुरुस्तीवाल्या दुकानदाराने नुकतंच तिचं काम बंद केलं, "लाईक आले, पण गिऱ्हाईक काही आलं नाही" असं म्हणून. तिला मात्र याच, म्हणजे डिजिटल मार्केटिंगच्या, क्षेत्रात पुढे जायचंय आणि त्यासाठी एक महागडा कोर्स करायचाय. तुमचा प्रश्न असा की, हे खरंच करिअर आहे की दिवसभर मोबाइल हातात ठेवण्याचं निमित्त?

करिअर आहे. आणि ते कसं शिकायचं याचं उत्तर तो दुकानदार जाता जाता देऊन गेलाय, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते.

तिने त्याच्यासाठी रील केल्या. त्या चांगल्या झाल्या असतील, लांबलांबच्या लोकांनी पाहिल्या असतील. पण सायकल पंक्चर झालेला माणूस रील बघत बसत नाही. तो रस्त्यावर उभा राहून फोनमध्ये "जवळचं सायकल दुरुस्तीचं दुकान" शोधतो आणि पहिल्या दोन-तीन नावांपैकी जे उघडं दिसेल तिथे फोन लावतो. म्हणजे या व्यवसायाची लढाई गुगलच्या नकाशावरच्या नोंदीत आहे. गुगलवरची ही नोंद 2014 पासून 'गुगल माय बिझनेस' म्हणून ओळखली जायची, 2021 मध्ये तिचं नाव 'गुगल बिझनेस प्रोफाइल' झालं. जवळपासच्या शोधात कोण वर दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, असं गुगल स्वतः सांगतं : शोधलेल्या गोष्टीशी व्यवसाय किती जुळतो, तो किती अंतरावर आहे आणि त्याची ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. पैसे देऊन या यादीतली जागा वर सरकवता येत नाही (जाहिरात वेगळी दिसते, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं). हातात उरतं ते बारीक काम. व्यवसायाचा योग्य प्रकार निवडणं, फोन नंबर आणि वेळा अचूक ठेवणं, सुट्टीच्या दिवशी वेळ बदलणं, दुकानाचा दर्शनी फोटो टाकणं, प्रत्येक अभिप्रायाला उत्तर देणं. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण किती जणांनी तिथून फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे त्याच प्रोफाइलमध्ये मोजलेलं दिसतं. दुकानदाराला दाखवायचा आकडा तो.

इथे तिला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. कधी ना कधी एखादा मालक म्हणेल, "दहा चांगले अभिप्राय तूच लिहून टाक" किंवा "अभिप्राय देणाऱ्याला सूट देऊ." दोन्ही गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. तिने नाही म्हणायचं, काम गेलं तरी.

दुसरा व्यवसाय शिवणकामाचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथे गणित उलटं. कपडा बघून शिवून घ्यावासा वाटतो, म्हणून तिथे इन्स्टाग्राम शोभतं. शिवाय एकदा माप दिलेली बाई परत येते, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस कामाला येतं. 2018 च्या जानेवारीत आलेलं हे अ‍ॅप छोट्या व्यावसायिकांसाठीच आहे : कॅटलॉग, ठरलेली उत्तरं, गिऱ्हाइकांना लावायची लेबलं. यातली ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायची सोय, 256 जणांची असते, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. नवशिक्यांना ही अडचण वाटते, मला ती या धंद्यातली फार चांगली शिकवण वाटते. समोरच्याने आधी आपल्याला जागा द्यावी लागते. विकत आणलेल्या नंबरांवर निरोप पाठवून ती मिळत नाही.

तिला एक सराव द्या. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीत 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजले जातात. या 70 खुणांत शिवणकामाचा एक असा निरोप लिहायचा की वाचणाऱ्याला काय, कधी आणि कुठे हे तिन्ही कळावं. तो जमला की पोस्टखालचा मजकूरही आपोआप आटोपशीर होईल.

आता थोडं कटू. या सगळ्या जागा भाड्याच्या आहेत. गुगल प्लस हे गुगलचं समाजमाध्यम 2019 च्या एप्रिलमध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालं. बिझनेस प्रोफाइलवर फुकट बनवून मिळणाऱ्या वेबसाइट 2024 च्या मार्चमध्ये बंद झाल्या, त्याच वर्षी जुलैअखेर तिथली चॅटची सोयही गेली. म्हणून गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर, त्यांच्या परवानगीने, मालकाच्या स्वतःच्या वहीत असायलाच हवेत. खातीही मालकाच्या ईमेलवर उघडायची, आपण फक्त व्यवस्थापक म्हणून राहायचं. पासवर्ड स्वतःकडे अडकवून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. काम सुटतं तेव्हा मालकाचं वर्षानुवर्षांचं खातं अडकतं, आणि अशा मुलाचं नाव पुढे कुणी सुचवत नाही.

कोर्सबद्दल स्पष्टच सांगते : आत्ता नको. गुगलचं स्किलशॉप आणि मेटाचं (इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप चालवणारी कंपनी) ब्लूप्रिंट या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटवरचे बरेच पाठ फुकट आहेत, ते आधी पूर्ण करू दे. वाणिज्याचं शिक्षण सोडायचा विचारही नको, कारण या क्षेत्रात पोस्ट बनवणारे पुष्कळ आहेत, नफा मोजणारे फार थोडे. एक गिऱ्हाईक आणायला किती खर्च आला, ते परत किती वेळा आलं, त्यातून मालकाच्या पदरात काय पडलं, हे तिला मांडता आलं तर तिची जागा वेगळी. मजकूर लिहून देणारी, चित्रं बनवून देणारी यंत्रं आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. मालकाशेजारी बसून त्याचा धंदा समजून घेणं त्यांना जमत नाही.

तुमची काळजी उत्पन्नाची आहे, ती मला रास्त वाटते. छोट्या व्यावसायिकाला ओढाताण झाली की तो आधी जाहिरातीला कात्री लावतो. म्हणून पदवीनंतर लगेच स्वतंत्र कामावर विसंबू नये, असं माझं मत आहे. दोन वर्षं एखाद्या लहान एजन्सीत किंवा कंपनीच्या मार्केटिंग विभागात नोकरी करावी, सोबत एखादंच बाहेरचं काम ठेवावं, तेही कोणतं काम किती दिवसांसाठी हे लिहून घेऊन.

आणि त्या सायकलवाल्याकडे तिला परत जाऊ दे. रील नको, पैसेही मागायला नकोत. फक्त तीन महिने नकाशावरची नोंद सांभाळायची परवानगी मागावी आणि गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न : "आमच्याबद्दल कुठून कळलं?" उत्तर त्याच्यासमोर लिहायचं. महिनाअखेरीस मालकाबरोबर बसून त्या वहीची पानं उलटायची. ती वही मलाही बघायला आवडेल. तेव्हा कोर्सचा विषय पुन्हा काढू.