वहिनींनी शहाळं ओतून दिलं, म्हणून मी रागावलो

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी, वय ५४. दीड महिन्याखाली माझा बालमित्र वारला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सहा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी वहिनी त्याला पहाटेच्या गाडीनं परभणीला डायलिसिसला न्यायच्या. दोन वर्षांखाली मे महिन्यात मी त्याच्यासाठी शहाळं घेऊन गेलो. त्यानं हात पुढं केला, तेवढ्यात वहिनींनी ते माझ्या हातातून ओढलं आणि गोठ्याजवळ नेऊन ओतून दिलं. “भाऊजी, तुम्हाला काही कळतं का?” असं चार माणसांत बोलल्या. मला लई लागलं. चार महिने मी त्यांची पायरी चढलो नाही. पुढं जाणं-येणं सुरू झालं, पण वहिनींशी कामापुरतंच बोलायचो. आता गावानं शोकसभा ठेवली आहे आणि मित्र म्हणून मला बोलायला सांगितलंय. वहिनींविषयी बोलावं असं वाटतं, पण कोणत्या तोंडानं? रोज सकाळी शेतात निघालो की ओट्यावर वहिनी त्याचा डावा हात धरून, डोळे मिटून बसलेल्या दिसायच्या. मी मान खाली घालून पुढं निघून जायचो. ते काही डोळ्यांपुढून हलत नाही.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी सगळी नोकरी परिचारिका म्हणून गेली, त्यातली अकरा वर्षं डायलिसिसच्या खोलीत. त्यामुळे आधी त्या ओट्याविषयी सांगते.

डायलिसिससाठी हातातली एक धमनी आणि एक शीर छोटं ऑपरेशन करून जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. सुया तिथंच टोचतात. तो चालू असला की कातडीखाली सारखी थरथर लागते, मांजर मांडीवर घुरघुरावं तशी. थरथर थांबली म्हणजे रक्ताची गुठळी होऊन वाट बंद झाली. लगेच दवाखाना गाठावा लागतो. म्हणून आम्ही घरच्यांना सांगायचो, रोज सकाळी बोटं ठेवून बघत जा. वहिनी तेच बघत होत्या. डोळे मिटायच्या, कारण तसं केलं की बोटांना नीट कळतं. माया तर त्यात होतीच, पण त्या हाताची रोजची तपासणी सहा वर्षं कुणी चुकवली नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. गावात दुसऱ्या कुणाला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

आता शहाळं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमच्या-माझ्या अंगातलं जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. तुमच्या मित्राच्या अंगात ते साठत जायचं. फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस उभ्या उभ्या जाऊ शकतो. त्यात मे महिना, परभणीकडचं ४२-४३ अंशांचं ऊन, आणि पाणीही अंगात साठतं, म्हणून दिवसभराचं पाणी मोजून. चहा, वरण, ताक सगळं त्याच मापात. भाजी चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग फोडणी, मीठ नावाला. तहानलेला नवरा समोर बसलेला असताना तांब्या उचलून आत ठेवायचा, हे काम मी बायकांना करताना पाहिलं आहे. एक बाई तर स्वतःही त्याच्यासमोर पाणी प्यायची नाही, मोरीत जाऊन प्यायची. नवरा चिडायचा, सासू म्हणायची, लेकराला पाण्यावाचून मारतीय. चार माणसांत वहिनींचा आवाज चढला तो यातून चढला. तुमचा अपमान करायला त्यांच्याकडे वेळ नव्हता हो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी तिथंच होते. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध पाणी जातं. टँकर येईतो आमचा जीव टांगणीला असायचा, आणि बाहेर ओळीनं बसलेल्या बायका एकमेकींना विचारायच्या, आलं का गं पाणी? घरी पेला मोजायचा आणि इथं टँकरची वाट बघायची. त्या बायकांना कुणी बसायला सतरंजीसुद्धा दिली नव्हती. आम्हीही नाही. ते मला अजून खुपतं.

शोकसभेत त्यांना सावित्री म्हणू नका. देवी, त्यागमूर्ती यातलं काहीच नको. तसलं म्हटलं की ऐकणारे हात जोडतात आणि मोकळे होतात. तुम्ही हिशेब सांगा. वर्षाच्या १०४ खेपा, सहा वर्षांच्या ६२४. सरकारी योजनेतून डायलिसिसचा खर्च निघाला असेल. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कोणत्याही कागदावर येत नाही. ओट्यावरचा तो हात सांगा. शहाळ्याचंही सांगा, चूक माझी होती असं स्पष्ट म्हणा. मात्र त्याआधी वहिनींना विचारून घ्या. चारचौघांत ऐकायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं.

आणि सभेत त्या कुठं बसणार, हे आधी बघा. आपल्याकडे अजूनही दाराआड, बायकांच्या मागं बसवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तुमच्या सरपंचांना याची आठवण द्या. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा.

कागदांचं काम तुम्ही अंगावर घ्या. मृत्यूचा दाखला निघाला का बघा, सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला तलाठ्याकडे सोबत जा. घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि मित्राचं वय ५९ च्या आत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये मिळतात, अर्ज तहसीलमध्ये.

माझे मालक लकवा होऊन तीन वर्षं अंथरुणाला होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यांचे एक मित्र दर रविवारी दुपारी यायचे, म्हणायचे, “वहिनी, तुम्ही आत जाऊन पडा, मी बघतो.” त्या दोन तासांची झोप मी आजही विसरले नाही. मालक गेल्यावर महिनाभर मी रात्री दोनला, चारला उठून बसत होते. हात आपोआप अंथरुणाकडे जायचे. सुटले, असंही मनात येऊन जायचं आणि मग स्वतःचीच शरम वाटायची. हे मी कुणाला बोलले नाही, कारण येणारा प्रत्येक जण त्यांच्याविषयी विचारायचा आणि निघून जायचा.

वहिनींच्या घरी सोमवारी जा, दादा, पहाटे. गाडीच्या वेळेला त्या जाग्याच असतील. ओट्यावर बसा, शहाळ्याचं एका वाक्यात सांगून टाका, आणि मग विचारा, “वहिनी, तुमची झोप होते का?”