भरल्या घरातली जिनी

"मॅडम, घरात सहा माणसं, वर्गात मैत्रिणी. हिला एकटं वाटायचं कारणच काय?"

मुलगी 13 वर्षांची (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत). हॅरी पॉटरचे सातही भाग वाचून झालेले, पण गेले तीन महिने दुसराच भाग परत परत चाललेला. एका रात्री त्यावर डोकं ठेवून रडताना आईला दिसली. "पुस्तकातल्या माणसांसाठी कुणी इतकं रडतं का? काढूनच घेऊ का ती पुस्तकं?"

पुस्तकं काढून घेण्याबद्दल पालक मला वरचेवर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ नका, आधी कुठलं पान उघडं आहे ते बघा.

मुलीला मी एवढंच विचारलं, की यातलं सगळ्यात एकटं कोण? माझा अंदाज मनात तयार होता. जिन्याखालच्या कपाटात वाढलेला हॅरी, नाहीतर आपल्या खोलीच्या छतावर मित्रांचे चेहरे रंगवणारी लूना. त्यांचं एकटेपण वाचकाला दिसतंच.

ती म्हणाली, "जिनी."

मी चक्रावले. हॅरीचा मित्र रॉन धरून सहा भावांच्या पाठची ही बहीण. त्या वर्षी चार भाऊ तिच्याच शाळेत आहेत, घर तर गजबजलेलं. पण वर्षभर ती मनातलं सांगते ते एका डायरीला. डायरीही तिला उत्तरं लिहिते, म्हणून तिला ती जवळची वाटते. त्या डायरीतून उत्तरं देणारा टॉम रिडल तिचा घात करतोय, हे एकाही भावाच्या ध्यानात येत नाही. पोरगी फिकट दिसते म्हणून त्यांच्यातलाच एक, पर्सी, तिला सर्दीचं औषध मात्र बळेच पाजतो. (घरोघरी हेच चालतं. "नीट जेवत नाही, टॉनिक द्या.")

"ती सांगायला आली होती," मुलगी म्हणाली. "नाश्त्याला, हॅरी आणि रॉनजवळ येऊन बसली होती. तोंडापर्यंत आलं होतं तिच्या. तेवढ्यात पर्सी आला. त्याला भूक लागली होती, जागा हवी होती. मग ती उठून गेली."

हा प्रसंग मीही वाचला होता, आणि विसरले होते.

पुढच्या दोन भेटींत हळूहळू बाहेर आलं. जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली होती. आता ही एका घोळक्यात बसते, हसते, डबा खाते. "मी असते त्यांच्यात. पण नसले तरी चालेल." घरी दादाचं दहावीचं वर्ष.

रॉबर्ट वाइस या अभ्यासकानं 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार मांडले. माणसांचा गोतावळाच नसणं हा एक, आणि जीव लावणारं एखादं माणूस नसणं हा दुसरा. दुसरा प्रकार गोतावळ्यानं भरून निघत नाही. त्यामुळे "इतकी माणसं आहेत की" हे आईचं म्हणणं खरं होतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

वाचनाची मला काळजी वाटत नव्हती. झोप उडाली, जेवण सुटलं, शाळा नकोशी झाली किंवा जगण्याचाच कंटाळा बोलण्यात आला, तर मात्र थांबू नये, लगेच तज्ज्ञाकडे न्यावं. इथे तसं काही नव्हतं.

मुलीची परवानगी घेऊन मी आईला तो नाश्त्याचा प्रसंग सांगितला. त्या बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन-तीनदा रात्री दारात येऊन उभी राहिली होती. मीच म्हटलं, दादाचा पेपर आहे, उद्या बोलू."

त्या आठवड्यात आईनं दुसरा भाग वाचायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर तिनं मुलीला विचारलं, "यातला पर्सी म्हणजे मीच ना?"

मुलीनं उत्तराला वेळ घेतला. "थोडी तू, थोडा दादा," ती म्हणाली. "पण पर्सी तसा वाईट नाहीये गं."