‘कायमचा पत्ता’ म्हणजे नक्की कुठला?

प्रश्न असा आला आहे: ‘मी घरून, दूरदूरच्या कंपन्यांसाठी कंत्राटावर काम करतो. घर भाड्याचं, दीड-दोन वर्षांत बदलतं. नव्या कंपनीने कायमच्या पत्त्याचा पुरावा मागितलाय. आईवडिलांच्या घराचा पत्ता द्यावा, तर तिथे माझ्या नावाचं एकही बिल येत नाही. राहत्या घराचा द्यावा, तर तो कायमचा कसा म्हणायचा? कायमचा, स्थायी, अधिवास हे शब्द एकच का? आणि मला कंत्राटदार म्हणतात ते बरोबर आहे का?’

आधी ‘पत्ता’ घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. पत्ता म्हणजे घर, असं आपण धरून चालतो. पण मराठीत या शब्दाचा जुना अर्थ खूण, माग, सुगावा असा आहे. ‘चोराचा पत्ता लागला’ म्हणजे चोराचं घर सापडलं असं नव्हे. ‘सकाळपासून त्याचा पत्ता नाही’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याचं घर आपल्याला चांगलं ठाऊक असतं. बेपत्ता माणसाचं घरही जागेवरच असतं, माग नसतो तो माणसाचा. तेव्हा पत्ता म्हणजे तुम्ही जिथे सापडाल ते ठिकाण. भिंती कुणाच्या नावावर आहेत, हा त्यात प्रश्नच नाही.

आता ‘कायम’. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला. मूळ ‘काइम’ म्हणजे उभा असलेला. म्हणूनच वरच्या कोर्टाने निकाल ‘कायम ठेवला’ म्हणजे उभा ठेवला, पडू दिला नाही. नोकरीत ‘कायम’ झालेला माणूसही निवृत्त होतोच की! अनंतकाळाचा वास ‘कायमचा’ या रूपाला चिकटला आहे; ‘तो कायमचा गेला’ या वाक्यामुळे ‘कायमचा पत्ता’ मला कधीकधी स्मशानाचा वाटतो, हे कबूल करतो. गंमत पुढेच आहे. ‘मुक्काम’ हा शब्दही त्याच अरबी धातूपासून आला. एकाच घरातले दोन भाऊ. एक आपल्याकडे येऊन ठाम बसला, दुसऱ्याने रात्रीपुरती पथारी टाकली.

‘स्थायी’चंही तेच. संस्कृत ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. म्हणजे स्थायी पत्ता आणि कायमचा पत्ता यांत अर्थाचा फरक काडीचाही नाही. एक जरा कागदी, दुसरा बोलीतला. मी कायमचा लिहितो. ‘कायमस्वरूपी पत्ता’ मात्र नको. पत्त्याला कसलं आलंय स्वरूप?

‘अधिवास’ पूर्ण वेगळा. तो ‘वस्’ धातूतला, निवास-वस्तीच्या कुळातला; पण कायद्याने त्याला डोमिसाइलच्या अर्थाने बांधून घेतलं. अधिवास म्हणजे तुम्ही कुठल्या प्रदेशाच्या कायद्याचे माणूस आहात, ते. त्यात घर क्रमांक नसतो, गल्ली नसते. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत तर अधिवासाशिवाय माणूसच नसतो, आणि एका वेळी एकच अधिवास धरतात. १८६९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हा ब्रिटनचं सर्वात वरचं कोर्टही तेच) आलेला ‘उडनी विरुद्ध उडनी’ हा खटला याचा नमुना. मूळचा स्कॉटलंडचा एक कर्नल कित्येक वर्षं लंडनला राहिला आणि सावकार मागे लागल्यावर फ्रान्सला पळाला. मग तो कुठला? लंडन सोडलं तेव्हा जन्माचा स्कॉटिश अधिवास आपोआप परत जिवंत झाला, असा निर्णय लागला. माणूस सावकारांना चुकवून गेला, अधिवास काही त्याला चुकवता आला नाही.

तुमच्या अर्जाला हे काही नको आहे. कंपनी अधिवास विचारत असती, तर पत्त्याचा पुरावा नव्हे, अधिवासाचा दाखला मागितला असता. तिला हवा आहे जुन्या अर्थाचा पत्ता: पैसे पाठवले, करार मोडला, नोटीस काढली, तर हा माणूस कुठे सापडेल? म्हणून तर अशा ठिकाणी गेल्या तीन महिन्यांतलं बिल किंवा बँकेचं विवरण मागायची पद्धत आहे. कायमचं ते ताज्या कागदाने सिद्ध करा, ही विसंगती मला फार आवडते. तेव्हा नोंदवलेला भाडेकरार आणि राहत्या पत्त्यावर येणारं बँकेचं विवरण असेल, तर भाड्याचं घर लिहिण्यात खोटं काही नाही. आईवडिलांचा पत्ता तेव्हाच द्या, जेव्हा तिथे आलेलं पत्र तुमच्या हाती खरंच पोचतं आणि तुमच्या नावाचा एखादा कागद तो पत्ता दाखवतो. कराचं ‘निवासी’पण तिसरंच, अनेक देशांत ते वर्षातल्या १८३ दिवसांच्या मुक्कामावर मोजतात. तिथे घर भाड्याचं की स्वतःचं हे गौण, मोजायचे ते दिवस.

अर्जात दोन रकाने असतील तर आपली जुनी दप्तरी मराठी सरळ कामाला येते. पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांत ‘रा.’ आणि ‘ह.मु.’ अशी जोडी दिसते: राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक. इतकी नेमकी सोय क्वचित दिसते. ‘सध्याचा तात्पुरता पत्ता’ अशी लांबण लावण्यापेक्षा ‘हल्ली मुक्काम’ लिहा. तात्पुरता म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात उगाच शंका येते; हल्ली म्हटलं की येत नाही.

राहिला कंत्राटदार. करार केला म्हणून शब्द चूक नाही, पण कानाला रस्ते आणि पूल बांधणारा माणूस दिसतो. ‘मुक्त व्यावसायिक’ चालतो, जरा कोरडा आहे. त्यामागच्या इंग्रजी ‘फ्रीलान्स’मधला लान्स म्हणजे भाला. कुणा एका सरदाराला न बांधलेला भालेकरी. मराठ्यांच्या घोडदळात याला जवळचा माणूस होता शिलेदार: घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर. स्वतःच्या लॅपटॉपवर काम करता ना? मग शिलेदारच. कंपनीने लॅपटॉप घरी पाठवून दिला असेल तर मात्र बारगीर, आणि मग तो परत न्यायला कुठे यायचं, हे त्यांनी विचारलं तर रागावू नका.