दाखला १ मेला मिळतो, इकडचे वर्ग एप्रिलमध्ये भरतात

सप्रेम नमस्कार.

दुबईतील एका कंत्राटदार कंपनीत विद्युत पर्यवेक्षकाची नोकरी ठरली आहे, पत्नी आणि चौथीतील मुलगी दापोली तालुक्यातील घरी आहेत, त्यांना बरोबरच न्यावे की वर्षभर थांबावे आणि निघण्यापूर्वी काय काय मार्गी लावावे, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या आणि माझ्या गावामध्ये एक दाभोळची खाडी काय ती आडवी आहे. धोपाव्याहून फेरीबोटीने मी किती वेळा पलीकडे आलो असेन याची गणती नाही. त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला जमले नाही. व्हिसाचे प्रकार, पगाराच्या अटी, वैद्यकीय तपासणी हे सारे सरकारी संकेतस्थळांवर माझ्यापेक्षा अचूक सापडेल, म्हणून ते वगळतो.

मुलीच्या शाळेपासून सुरुवात करतो. बाकीच्या बाबतींत मी केलेल्या चुका पुढेमागे पैसे मोजून निस्तरता आल्या. ही एक तशीच राहिली.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते आणि निकाल १ मेला, झेंडावंदन आटोपल्यावर हातात पडतो. इकडे, म्हणजे मी राहतो त्या संयुक्त अरब अमिरातीत, सीबीएसईच्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. म्हणजे गुरुजी शाळा सोडल्याचा दाखला देतात तेव्हा इकडचा पुढचा वर्ग महिनाभर भरून झालेला असतो. त्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग साक्षांकनाचे पुढचे टप्पे, त्यासाठी रत्नागिरीच्या आणि मुंबईच्या खेपा हे सगळे धरले तर जून उजाडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

मी २०१३ साली एकटा आलो आणि पत्नी व मुलगा २०१५ च्या जूनमध्ये आले. मुलगा गावच्या शाळेतून चौथी पास झाला होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसला होता. त्या वेळी ती परीक्षा चौथीलाच असे. शारजातील ज्या शाळेत आम्ही गेलो तिथे एका खोलीत बसवून त्याची लेखी चाचणी घेतली. गणिताच्या कागदावर आकडेमोडीची उदाहरणे त्याने सगळी सोडवली, पण पुढच्या शाब्दिक उदाहरणात ‘रिमेंडर’ हा शब्द आला आणि तो तिथेच थांबला. कोणी ‘बाकी’ म्हटले असते तर ती त्याने तोंडी सांगितली असती. बाईंनी कागद पाहिला आणि पाचवीत जागा नाही, शिवाय इंग्रजी कच्चे आहे, तेव्हा चौथीतच बसवावे, असे नम्रपणे सांगितले. मी सही केली.

सही करण्यापूर्वी मी आणखी दोन शाळा पाहू शकलो असतो. परंतु त्याच शाळेजवळच्या घराचे वर्षभराचे भाडे चार पुढच्या तारखांच्या धनादेशांनी मी देऊन बसलो होतो, रजा दोनच दिवसांची होती, आणि खरे सांगायचे तर त्या बाईंसमोर इंग्रजीतून वाद घालण्याची मला भीती वाटली. बाहेर आल्यावर मी मुलाला म्हणालो, इकडची चौथी म्हणजे आपली पाचवीच. त्याने मान डोलावली. पुढे गुरुजींचा गावाहून फोन आला की त्याला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा तो दुसऱ्यांदा चौथीच्या वर्गात बसत होता. आता तो वीस वर्षांचा आहे आणि त्याच्या बरोबरीची गावातील मुले त्याच्या एक वर्ष पुढे आहेत. तो बोलून दाखवत नाही. कोणी त्याचे वय विचारून मग वर्ग विचारला, की माझ्याकडे एकदा पाहतो, एवढेच.

भाषेबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी लिहितो. शाळेत मराठी नसते. हिंदी असते, म्हणून अक्षरओळख राहते असे आम्ही समजत होतो. पहिल्याच सहामाहीत त्याच्या हिंदीच्या वहीत ‘शाळा’ या शब्दावर लाल फुली आली आणि शेजारी बाईंनी ‘शाला’ लिहून दिले. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. घरी पत्नीने ती फुली पाहिली आणि वही मिटून ठेवली. आज मुलगा आजीशी मराठीत बोलतो, पण ‘ळ’ त्याच्या जिभेवरून गेला तो गेला. अरबी नववीपर्यंत सक्तीची असते आणि वर्गातील इतर मुले ती तीन वर्षे आधीपासून शिकत असतात. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय मुलांना लवकर होते, आकलन मात्र मागे राहते. त्यासाठी शिकवणी लावावी लागली तर मनाला लावून घेऊ नका.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की वर्षभर थांबवू नका, पण एप्रिल चुकवू नका. तुम्ही आधी या. आल्यावर दिवाळीच्या सुमारासच शाळांकडे अर्ज टाका, चौथीचे प्रगतिपुस्तक आणि बोनाफाईड प्रमाणपत्र यांवर तात्पुरता प्रवेश देऊन दाखला नंतर स्वीकारतील का, हे लेखी विचारा, आणि प्रवेशाचे पत्र हाती आल्याशिवाय कुठल्याही घराचे धनादेश फाडू नका. मधल्या महिन्यांत मुलीला गणितातले इंग्रजी शब्द तेवढे शिकवा. बाकीचे इंग्रजी ती वर्गात बसून शिकेल.

नावांची गंमत आता सांगतो, जी त्या वेळी गंमत नव्हती. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी सरळ पद्धत आहे, पण ती प्रत्येक कागदावर वेगळ्या रीतीने उतरते. आमच्या आडनावातला ‘व’ ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत डब्ल्यूने लिहिला होता आणि पासपोर्टवर व्हीने. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर पत्नीचे माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. इकडच्या खिडकीवरील माणसाला या दोन स्त्रिया वेगळ्या वाटल्या तर त्यात त्याचा दोष नाही. त्या एका ‘व’साठी ग्रामसेवकांकडे तीन खेपा झाल्या, पहिल्या खेपेला जुने रजिस्टर सापडले नाही, दुसऱ्या खेपेला ते सभेला गेले होते, तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला आणि त्यावर मुलाच्या जन्मतारखेत चूक निघाली. माझ्या वडिलांनी या सगळ्या खेपा वयाच्या सत्तरीत एसटीने केल्या. तुम्ही गावात आहात तोवर तिघांचे सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि प्रत्येक नाव अक्षर अक्षर जुळवा. संयुक्त अरब अमिरातीला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो एकच शिक्का, चालत नाही, साक्षांकनाची पूर्ण साखळी करावी लागते, आणि एका अक्षराची चूक शेवटच्या कडीला निघाली तर सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पगाराबद्दल एकच सांगतो. नियुक्तिपत्रातील एकूण आकडा पाहून हुरळून जाऊ नका, मूळ वेतन किती लिहिले आहे ते पाहा. नोकरी सोडताना मिळणारी रक्कम मूळ वेतनावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे, त्यापुढे ३० दिवसांचे. एकूण ५,००० दिरहॅमपैकी मूळ वेतन २,००० असेल तर वर्षाला १,४०० दिरहॅम जमा होतात. ३,५०० असे समजून गाडीचे हप्ते ठरवणारे मी पाहिले आहेत.

जमिनीच्या बाबतीत जरा जास्त सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातले बहुतेक जण इथेच फसतात. अनिवासी झाल्यावर वारसाने आलेली शेतजमीन आणि बाग तुमचीच राहते, पण नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या घराला लागून वीस गुंठ्यांची कलमांची बाग विक्रीला निघाली. कुंपणाच्या पलीकडच्या त्या झाडांवर मी लहानपणी दगड मारले आहेत. मला ती घेता आली नाही. भावाने घेतली, पैशाची मदत मी केली, आणि आता सातबारावर त्याचे नाव आहे. भाऊ चांगला आहे, आमच्यात काही नाही. पण तुम्ही एखादा तुकडा घ्यायचे मनात धरले असेल तर निघण्यापूर्वी खरेदीखत करून घ्या. वडील २०१८ साली गेले, त्यानंतर वाटणीपत्रासाठी मी इथल्या भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवले. असे परदेशी केलेले पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हे आम्हा दोघा भावांना ठाऊक नव्हते. ते देवघराच्या कपाटात पावसाळाभर सुखरूप राहिले आणि सगळे पुन्हा करावे लागले. तुमच्या वडिलांची प्रकृती चांगली असो, पण वारस नोंद, सामाईक क्षेत्र, बांधाचा वाद असे जे काही बोलायचे टाळत आला असाल, ते आत्ताच बोलून घ्या. फोनवर असे विषय निघत नाहीत.

सामानात खसखस आणू नका. तिला इथे बंदी आहे आणि त्यात थट्टा नाही. नुसती पुडी नाही, आईने कुटून दिलेल्या मसाल्यातही ती असते, तेव्हा तिला आधीच सांगा की या वेळी खसखशीशिवाय करायचा. अनारशांवर पत्नी तीळ लावते. दिसायला बरे दिसतात. कुळथाचे पीठ, आमसुले, सुके बांगडे यांतले काही वाहून आणायची गरज नाही, सगळे दुकानांत मिळते.

एकटेपणाबद्दल विचारले आहे. पहिले वर्ष जड जाते, मग कामाच्या रगाड्यात जाणवत नाही. शुक्रवारची अर्धी सुट्टी आणि शनिवार-रविवार मिळाले तर मराठी मंडळींशी गाठ पडते, गणपती बसतो, नाटकही होते. त्याचा फार बाऊ करू नये.

रजेचे मात्र आधी समजून घ्या. मुलांना मे महिन्यात सुट्टी नसते. माझा मुलगा आल्यापासून एकदाही मे महिन्यात गावी गेलेला नाही. त्याने झाडावरून उतरवलेला आंबा शेवटचा खाल्ला तो दहाव्या वर्षी. जुलै-ऑगस्टमध्ये जातो तेव्हा पाऊस असतो, वाट निसरडी असते, समुद्रावर जाऊ देत नाहीत. लहान असताना त्याने एकदा चित्राच्या वहीत गाव काढले होते आणि आकाश सगळे करड्या रंगाने भरले होते. गणपतीचे तर विचारूच नका: २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि इकडच्या शाळा २५ ऑगस्टला उघडल्या. मुंबईचा चाकरमानी निदान गाडीला लोंबकळून तरी पोहोचतो.

आणि काही वेळा रजा मिळूनही जाता येत नाही. २०२१ साली एप्रिलच्या अखेरीपासून भारतातून येणाऱ्यांना अमिरातीत प्रवेश बंद होता, तो निवासी परवानाधारकांसाठी ऑगस्टमध्ये सैल झाला. मधल्या काळात, २२ जुलैला, वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. आई डोळ्यांच्या उपचारासाठी बहिणीकडे चिपळुणात होती. पहाटे बहिणीचा फोन आला की पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर आहे, त्यानंतर सव्वा दिवस कोणाचाच फोन लागला नाही. मी विमानाचे तिकीट शोधून काढले होते. जाता येत होते. परत येता येणार नव्हते, आणि नोकरी गेली तर मुलाचे वर्ष पुन्हा जाईल, हा विचार माझ्या मनात आला. मी गेलो नाही. दोघी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होत्या, हे दुसऱ्या दिवशी कळले. आई म्हणाली, आला नाहीस ते बरे केलेस, इथे झोपायला कोरडी जागा नव्हती. मी तो हिशोब केला होता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. तुम्हाला का सांगितले ते मलाही नीट कळत नाही. वर एकटेपणाबद्दल लिहिले आहे ते तसेच राहू देतो.

तुमच्या पत्नीचे मत काय आहे ते तुमच्या पत्रात कुठे दिसले नाही. ते एकदा विचारा, आणि मी विचारले तसे तिकीट काढल्यावर विचारू नका.

दाखला घेताना गुरुजींकडून त्याची इंग्रजी प्रतही मागून घ्या. ते देतात, आपण मागत नाही. मुलीसाठी बालभारतीचे पाचवीचे मराठीचे पुस्तक बरोबर आणा. आमच्या घरात चौथीपर्यंतची सगळी आहेत.

आपला,
खाडीपलीकडचा एक गुहागरकर