चार तास लाईन, दोन मिनिटं डॉक्टर

प्रश्न : माझ्या आईला बीपी-शुगर आहे, दर महिन्याला गोळ्यांसाठी सिव्हिलला नेते. सकाळी साडेआठला केसपेपरच्या लाईनीत उभं राहायचं, निघेपर्यंत साडेबारा होतात आणि डॉक्टर बघतात दोन मिनिटं. डॉक्टर चांगले आहेत हो, पण त्यांची घाई बघून भीती वाटते. आणि सगळ्यांना नीट वेळ दिला तर लाईन संध्याकाळपर्यंत संपायची नाही हेही दिसतं. मग सरकारीत एकतर भरभर नाहीतर नीट, असंच चालायचं का? - एक वाचक

उत्तर : ताई, चार तासांत डॉक्टरांची दोनच मिनिटं, मग बाकीचा वेळ गेला कुठे ते बघा ना. केसपेपर, ओपीडीबाहेरचा बाक, रक्त द्यायची लाईन, रिपोर्टसाठी परत तोच बाक, शेवटी औषधाची खिडकी आणि तिथं पाचातल्या दोन गोळ्यांवर 'बाहेरून घ्या'. म्हणजे डॉक्टरांना अजून पळवून काहीच वाचणार नाहीये, वेळ त्यांच्या टेबलावर जातच नाही.

त्या 'बाहेरून घ्या'चंच घ्या. पैसे नसले की गोळी राहते, बीपी चढतं, आणि ओपीडीत दोन मिनिटांत आटपणारा पेशंट आठ दिवस वॉर्डात कॉट अडवून बसतो. इथं नीट आणि भरभर वेगळं कुठे राहिलं? तामिळनाडूने हे आधी ओळखलं, १९९४ ला औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळच काढलं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक हॉस्पिटलला औषधांच्या हिशेबाचं पासबुक, आणि लॅबमध्ये तपासल्याशिवाय औषध वॉर्डात जात नाही. आपल्याकडे ही खरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिली, मग २०२३ ला कायदा करून खरेदीसाठी नवीन प्राधिकरण. पाटी बदलली, खिडकीवर गोळी आली का हे तुम्हीच सांगा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले (मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची त्यात नाहीत, तिथं केसपेपरचे पैसे मागितले म्हणून भांडू नका). चांगलंच झालं, पण फी गेली तरी नाव लिहायची लाईन आहेच की. आणि वरून विचारतात काय, तर आज ओपीडी किती झाली. किती जणांना सगळी औषधं मिळाली असं विचारलं असतं तर सगळ्यांचं लक्ष आपोआप खिडकीकडे गेलं असतं, असं आपलं मला वाटतं.

तुमच्यापुरतं सांगते. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आरोग्यवर्धिनीत (आता नाव आयुष्मान आरोग्य मंदिर), मिळायला हव्यात, आशाताईंना आधी विचारा. मिळाल्या तर सिव्हिलला कधी यायचं ते डॉक्टरांनाच विचारून ठरवा, दर महिन्याची फेरी वाचेल. काही ठिकाणी आभा (सरकारी डिजिटल हेल्थ खातं) ॲपवर क्यूआर स्कॅन केला की केसपेपरचं टोकन मिळतं, तेही चौकशी करून बघा. आणि जाताना जुने केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकाच, कारण त्या दोन मिनिटांतलं एक तर 'कुठली गोळी चालू आहे?' यातच जातं आणि आई सांगणार, 'ती पांढरी, बारकी.'