कविता आणि फोटो एकत्र आणून आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबाचं जगणं दाखवणारं एखादं पुस्तक सुचवाल का?

‘द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ’, १९५५. फोटो रॉय डिकाराव्हाचे, मजकूर लँग्स्टन ह्यूजचा. यात कविता नाहीत बरं का, गद्यच आहे; पण लिहिणारा कवी आहे हे वाक्यावाक्यात कळतं.

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या आफ्रिकन-अमेरिकन वस्तीत फिरून डिकाराव्हाने फोटो काढले होते, त्यासाठी १९५२ साली त्याला गुगेनहाइम फेलोशिप, म्हणजे कलावंत-अभ्यासकांना कामासाठी दिलं जाणारं अनुदान, मिळाली होती. ते फोटो ह्यूजने पुढ्यात मांडले आणि त्यांतून एक आजी उभी केली, सिस्टर मेरी ब्रॅडली. सुरुवातच भन्नाट आहे: देवाघरून बोलावण्याची तार येते आणि आजी सांगते, आत्ता जमायचं नाही! मग नातवंडांच्या गोष्टी सुरू. लाडका नातू रॉडनी, ज्याच्याकडून बाकी कुणाला काही आशा नाही. म्हणजे फोटोतली माणसं खरी, नाती मात्र ह्यूजने जुळवलेली.

मजकूर चक्क मुखपृष्ठावरच सुरू होतो. फोटोंमध्ये काळोख भरपूर आहे, त्यामुळे मोबाइलवर पीडीएफ बघू नका, छापील प्रतच मिळवा. आणि घाईने पानं उलटू नका. आधी फोटो, मग आजी.